पाच जणांचा मास्तर

अमेरिकन फुटबॉलमध्ये दर जानेवारीला प्रशिक्षकांच्या हकालपट्टीचे वारे वाहू लागतात. ज्यांचा हंगाम वाया गेला ते मालक मुख्य प्रशिक्षकाला निरोप देतात, नव्याचे नाव जाहीर होते आणि पुढचे सहा महिने सगळी चर्चा त्या एका माणसाभोवती फिरत राहते. त्याच्यासोबत डझनभर सहायक प्रशिक्षकही येतात-जातात, पण त्यांची नावे बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात उरकली जातात. माझे म्हणणे असे की, संघाचे पुढचे वर्ष कसे जाणार हे बऱ्याचदा त्या शेवटच्या परिच्छेदातच लिहिलेले असते. त्यातही एका नावाकडे आधी पाहावे, ते म्हणजे ऑफेन्सिव्ह लाइनच्या प्रशिक्षकाचे. मुख्य प्रशिक्षक गेला पण लाइनचा प्रशिक्षक टिकला, तर संघ सावरू शकतो. उलट मुख्य प्रशिक्षक तोच राहिला आणि लाइनचा प्रशिक्षक वरचेवर बदलत गेला, तर तो संघ आतून पोखरला जातो. गेल्या पंधरा वर्षांत न्यू इंग्लंड पेट्रियट्स आणि फिलाडेल्फिया ईगल्स या दोन संघांनी हे दोन्ही प्रकार जगाला दाखवले आहेत.

आधी हा खेळ थोडा समजून घेऊ. चेंडू लंबगोल असतो, दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू असतात आणि खेळ सलग न चालता चार-सहा सेकंदांच्या तुकड्यांत चालतो. चेंडू ज्यांच्या ताब्यात, त्या संघाचे पाच जण चेंडूच्या रेषेवर ओणवे होतात. मधला सेंटर, त्याच्या दोन बाजूंना दोन गार्ड आणि कडेला दोन टॅकल. हीच ऑफेन्सिव्ह लाइन. सेंटर चेंडू दोन पायांमधून मागे क्वार्टरबॅकच्या हाती देतो, त्याला स्नॅप म्हणतात. त्या क्षणापासून या पाच जणांनी समोरून अंगावर येणाऱ्यांना थोपवायचे असते. क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्यासाठी अडीच-तीन सेकंद मिळवून द्यायचे, नाहीतर चेंडू घेऊन पळणाऱ्यासाठी फट उघडायची. फेकण्याआधीच क्वार्टरबॅक मागे पाडला गेला तर तो सॅक. लाइनमधला एकेक गडी एकशेचाळीस किलोच्या आसपासचा असतो आणि गुण नोंदवताना त्याचे नाव क्वचितच कुठे लागते.

एवढे वजन पाहून लोकांना वाटते की हा नुसता ताकदीचा मामला आहे. प्रत्यक्षात लाइनमनला आपल्यापेक्षा चपळ माणसाला मागे सरकत सरकत अडवायचे असते आणि तिथे ताकदीआधी पाय व हात लागतात. पहिले पाऊल किती मागे टाकायचे आणि कोणत्या कोनात, दोन्ही तळहात एकदम समोरच्याच्या छातीवर द्यायचे की एकामागून एक, कंबर किती खाली ठेवायची, हे प्रत्येक प्रशिक्षक आपापल्या परीने शिकवतो. कुणी सरळ मागे सरकून वाट पाहायला शिकवतो, कुणी पुढे होऊन लगेच भिडायला. दोन्ही पद्धतींनी सामने जिंकले गेले आहेत. मात्र टॅकलने एक पद्धत वापरली आणि शेजारच्या गार्डने दुसरी, तर दोघे वेगवेगळ्या अंतरावर उभे राहतात आणि त्यांच्यामधून वाट मिळते. बचाव करणारा संघ नेमके हेच हेरतो. त्याचे दोन गडी धावता धावता एकमेकांना ओलांडून जागा बदलतात; तेव्हा गार्ड आणि टॅकल यांना आपापला माणूस शेजाऱ्याच्या हवाली करून नवा माणूस उचलावा लागतो, तोही बोलायला सवड नसताना. कबड्डीत साखळी धरलेल्या दोघांपैकी एकाने अर्धा क्षण आधी झेप घेतली की चढाई करणारा निसटतो, तशीच ही गत. दोघांच्या अंगात एकच सवय मुरलेली असावी लागते आणि सवय मुरायला वेळ लागतो.

तो वेळही आता कमी झाला आहे. २०११ मध्ये मालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यात झालेल्या कराराने पूर्ण संरक्षक पोशाख घालून करायच्या सरावांवर मर्यादा घातली. नियमित हंगामात असे सराव फार तर १४. खेळाडूंच्या शरीराचा विचार करता हे योग्यच झाले. पण प्रत्यक्ष धडक दिल्या-घेतल्याशिवाय लाइनमन घडत नाही, त्यामुळे या कराराची झळ सर्वांत जास्त याच पाच जागांना लागली. नवा प्रशिक्षक जुनी सवय मोडून नवी लावू पाहतो, तेव्हा त्याच्या हातात हे मोजके दिवस असतात. त्यात त्याने डावपेचांची पद्धतच बदलली तर प्रश्न आणखी अवघड होतो. डेन्व्हरमध्ये १९९५ पासून अ‍ॅलेक्स गिब्स यांनी वजनाने हलक्या, पायांनी चपळ लाइनमनना एका लयीत आडवे सरकायला शिकवले आणि १९९८ च्या हंगामात चेंडू घेऊन पळणारा टेरेल डेव्हिस तिथे २,००८ यार्ड धावला. हीच पद्धत समोरच्याला सरळ रेटण्यासाठी निवडलेल्या अवजड गड्यांवर लादली, तर चांगले खेळाडूही वर्षभरात वाईट दिसू लागतात.

आता पेट्रियट्सकडे वळू. डान्टे स्कार्नेकिया १९८२ मध्ये या संघात आले आणि मधली दोन वर्षे वगळता तिथेच राहिले. १९९९ पासून लाइन त्यांच्याकडे होती. २०१३ च्या हंगामानंतर ते निवृत्त झाले आणि डेव्ह डीगुलिएल्मो त्यांच्या जागी आले. दोन वर्षांनी, जानेवारी २०१६ मध्ये, डेन्व्हरमधल्या उपांत्य लढतीत पेट्रियट्स १८-२० असे हरले आणि त्या एका दुपारी क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीला विसेक वेळा दणके बसले. सेंटर ब्रायन स्टॉर्क स्नॅपच्या आधी मान हलवत होता आणि त्यावरून आपण वेळ साधत होतो, असे डेन्व्हरकडून पुढे सांगितले गेले. अशी खूण सरावात पकडणे हे लाइनच्या प्रशिक्षकाचे काम. डीगुलिएल्मो यांना लगेच निरोप मिळाला आणि मुख्य प्रशिक्षक बिल बेलिचिक यांनी निवृत्त स्कार्नेकियांना परत बोलावले. २०१५ च्या नियमित हंगामात ब्रेडी ३८ वेळा सॅक झाला होता. २०१६ मध्ये बारा सामन्यांत फक्त १५ वेळा. डेन्व्हरमध्ये ज्याची सर्वाधिक फजिती झाली होती तो टॅकल मार्कस कॅनन त्याच वर्षी लीगच्या सर्वोत्तमांच्या दुसऱ्या संघात निवडला गेला. फेब्रुवारी २०१७ मध्ये पेट्रियट्सनी सुपर बोल हा लीगचा अंतिम सामना जिंकला.

ही कथा इथेच थांबवली तर ती फार सोपी होईल आणि खोटीही. स्कार्नेकिया हजर असताना, २०१३ मध्ये, ब्रेडी ४० वेळा सॅक झाला होता. ते गेल्यावर पहिल्याच वर्षी, डीगुलिएल्मो यांच्या हाताखाली, हा आकडा २१ वर आला आणि संघ विजेता ठरला. २०१५ मध्ये डावा टॅकल नेट सोल्डर ऑक्टोबरातच जायबंदी होऊन हंगामाला मुकला. २०१६ मध्ये तो परतला. मग सगळे श्रेय दुखापतींच्या येण्याजाण्याला का देऊ नये? आक्षेप रास्त आहे आणि त्याचा अर्धा भाग मी मान्य करतो. सॅक हे लाइनचे अपुरे माप आहे. क्वार्टरबॅक चेंडू किती वेळ धरून ठेवतो, त्याला समोर मोकळा सहकारी दिसतो की नाही, यावर त्यातला मोठा हिस्सा ठरतो. नव्या प्रशिक्षकाच्या पहिल्या वर्षी तर खेळाडू आधीच्या गुरूचीच शिकवण अंगी घेऊन खेळत असतात, म्हणून २०१४ चे यश कुणाच्या नावावर मांडायचे हे सांगणे कठीण. पण दुखापतींनी कॅननचे कोडे सुटत नाही. तो २०११ पासून संघात होताच. शॅक मेसनचेही तसेच. जॉर्जिया टेक विद्यापीठाच्या ज्या संघातून तो आला, तिथे चेंडू जवळजवळ पळूनच पुढे न्यायचा, त्यामुळे फेक होईपर्यंत क्वार्टरबॅकला राखण्याचा सराव त्याला फारसा नव्हताच. तो पेट्रियट्सचा भरवशाचा गार्ड झाला. खेळाडू तोच राहून खेळ सुधारतो, तेव्हा शिकवणाऱ्याकडे पाहावेच लागते.

स्कार्नेकिया जानेवारी २०२० मध्ये कायमचे निवृत्त झाले. त्यानंतरची यादी वाचावी. २०२० मध्ये दोघांकडे मिळून काम, २०२१ मध्ये त्यांपैकी एकटे कारमेन ब्रिसिलो, २०२२ मध्ये मॅट पॅट्रिशिया, २०२३ मध्ये एड्रियन क्लेम आणि तेही प्रकृतीच्या कारणाने हंगामाच्या मध्यात बाजूला, २०२४ मध्ये आणखी नवा माणूस. पाच हंगामांत लाइनला एक गुरू सलग दोन वर्षे पूर्णपणे मिळाला नाही. यातले पहिले चार हंगाम मुख्य प्रशिक्षक बेलिचिकच होते, म्हणजे शिखरावर कमालीचे स्थैर्य. ब्रेडीही २०२० मध्येच संघ सोडून गेला, त्यामुळे एकूण घसरणीचा दोष एका खुर्चीवर ढकलणे अन्यायाचे होईल. म्हणून २०२१ आणि २०२२ यांचीच तुलना करू, कारण तेव्हा क्वार्टरबॅक मॅक जोन्स हाच होता. पहिल्या वर्षी, नवखा असूनही, तो १७ सामन्यांत २८ वेळा सॅक झाला आणि संघ बाद फेरीत पोहोचला. दुसऱ्या वर्षी डावपेच पुकारण्याचे आणि लाइनचे काम पॅट्रिशिया यांच्याकडे गेले. त्यांची कारकीर्द मुख्यतः बचावाच्या बाजूची, लाइनचा पूर्वानुभव सोळा-सतरा वर्षांपूर्वीचा आणि तोही सहायकाचा. पळण्याची पद्धत बदलली, दोन्ही टॅकलनी आपापसांत बाजू बदलल्या, मेसनला दुसऱ्या संघाकडे पाठवले गेले. जोन्स १४ सामन्यांत ३४ वेळा पडला. माणसे बदलली हे खरे, पण जागांची अदलाबदल आणि नवी पद्धत हे निर्णयही प्रशिक्षणाचाच भाग आहेत. बेलिचिक यांच्यासारख्या जाणत्या माणसाने ही जागा हाताशी असलेल्याला देऊन टाकली, ही त्यांच्या कारकिर्दीतली मला सर्वांत न समजणारी गोष्ट आहे.

फिलाडेल्फियात याच्या नेमके उलट घडले. लाइनचे प्रशिक्षक जेफ स्टाउटलंड २०१३ मध्ये मुख्य प्रशिक्षक चिप केली यांच्यासोबत ईगल्समध्ये आले. केलींना २०१५ च्या अखेरीस काढण्यात आले. नवे मुख्य प्रशिक्षक डग पीडरसन यांनी स्टाउटलंडना ठेवून घेतले. पीडरसन गेले, निक सिरियानी आले. त्यांनीही ठेवून घेतले. सिरियानींच्या काळात २०२२ ते २०२४ या तीन हंगामांत आक्रमणाचे सूत्रधार तीन वेगवेगळे होते, लाइनचा मास्तर तोच. केलींच्या पहिल्या वर्षी, २०१३ मध्ये, पळून मिळवलेल्या यार्डांत ईगल्स लीगमध्ये पहिले होते. फेब्रुवारी २०१८ च्या सुपर बोलमध्ये स्टाउटलंड आणि स्कार्नेकिया यांच्या लाइन समोरासमोर आल्या. ईगल्सचा मातब्बर डावा टॅकल जेसन पीटर्स जायबंदी होता, त्याच्या जागी नवोदितांच्या निवडीत पाचव्या फेरीत घेतलेला हालापूलिवाटी वायटाई उभा होता. संपूर्ण सामन्यात एकच सॅक झाला आणि तो ब्रेडीचा, शेवटच्या काही मिनिटांत. ईगल्स ४१-३३ असे जिंकले. २०२४ मध्ये साक्वॉन बार्कली याच लाइनमागून २,००५ यार्ड धावला आणि संघाने पुन्हा सुपर बोल जिंकला.

यावर कुणी म्हणेल, ईगल्सकडे जेसन केल्सी आणि लेन जॉन्सनसारखे अव्वल खेळाडू होते आणि लाइनवर पैसा ओतायची तयारी होती. मास्तर कोणीही चालला असता. केल्सी तर स्टाउटलंड येण्याआधीपासून तिथे होता, हे कबूल. पण जॉर्डन मायलाटाचे काय? ऑस्ट्रेलियात रग्बी लीग खेळणारा हा तरुण २०१८ मध्ये सातव्या फेरीत निवडला गेला, तेव्हा त्याने अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना खेळलेला नव्हता. पहिली दोन वर्षे तो एकाही नियमित सामन्यात उतरलाच नाही. चिवटपणे शिकवणारा आणि शिकवायला वर्षे हाताशी असणारा माणूस नसता, तर असा खेळाडू कुठलाही संघ केव्हाच सोडून देतो. दर दोन वर्षांनी बदलणारा प्रशिक्षक असे बी पेरत नाही, त्याला पुढच्या रविवारी उभा राहू शकेल असा तयार गडी हवा असतो. केवळ टिकून राहिल्याने कुणी चांगला शिक्षक होत नाही, हेही खरे. वाईट शिकवण दहा वर्षे चालू ठेवण्यात शहाणपण नाही. पण चांगल्या शिकवणीलाही आपले फळ दाखवायला तीन-चार वर्षे लागतात आणि तेवढा धीर धरणारे मालक थोडे.

या मताची खरी परीक्षा २०२० मध्ये झाली. ईगल्सचा गार्ड ब्रँडन ब्रूक्स हंगामाआधीच जायबंदी झाला, डाव्या टॅकलच्या जागी उभा राहणार होता तो आंद्रे डिलार्डही. लेन जॉन्सन जेमतेम सात सामने खेळला. लाइनची मांडणी जवळजवळ दर आठवड्याला बदलत होती. क्वार्टरबॅक कार्सन वेंट्झ बारा सामन्यांत ५० वेळा सॅक झाला आणि संघाला चारच विजय मिळाले. स्टाउटलंड तेच होते, शिकवणही तीच, तरी लाइन कोसळली. दुखापतींपुढे प्रशिक्षकाचे फार चालत नाही, याचा याहून स्वच्छ पुरावा शोधायला नको. पीडरसन यांची नोकरी त्यात गेली. अशा वेळी नवा मुख्य प्रशिक्षक आपली माणसे आणतो, ही या लीगची रीत. सॅकचे ते आकडे पाहता लाइनच्या प्रशिक्षकाला निरोप देणे सर्वांत सोपे होते आणि कुणी ब्रही काढला नसता. तो निरोप दिला गेला नाही. त्याच पडझडीत मायलाटाला पहिल्यांदा डाव्या टॅकलची जागा मिळाली होती. सप्टेंबर २०२१ मध्ये ईगल्सनी त्याच्याशी चार वर्षांचा ६.४ कोटी डॉलरचा करार केला आणि तो हंगाम संपला तेव्हा पळून मिळवलेल्या यार्डांत ईगल्स पुन्हा लीगमध्ये पहिले होते.