तळपायावरचा काळा डाग



आरोग्य शिबिरात आम्ही हल्ली चपला काढून तळपाय दाखवायला सांगतो. बायका हसतात. पण आपल्यासारख्या सावळ्या माणसांत मेलॅनोमा हा कातडीचा कॅन्सर बहुतेकदा तळपायावर, तळहातावर नाहीतर नखाखाली निघतो. गायक बॉब मार्ले यांना तो पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली झाला होता. १९८१ साली, वयाच्या अवघ्या ३६व्या वर्षी ते गेले.

आपल्याकडे कुरूप समजून असा डाग ब्लेडने खरवडतात, नाहीतर त्यावर बिब्बा घालतात. त्यात महिने जातात. डाग वाढतोय, कडा वेड्यावाकड्या झाल्यात, रक्त येतंय किंवा नखातली काळी पट्टी रुंद होतेय, तर सीपीआरच्या त्वचारोग ओपीडीत दाखवा. डॉक्टर तुकडा काढून तपासायला पाठवतील. 'सुरी लागली की कॅन्सर पसरतो' हे खोटं आहे.

डाग किती खोल गेला यावर इलाज ठरतो. मिलिमीटरच्या आत असेल तर भोवतालच्या सेंटिमीटरभर चांगल्या कातडीसकट कापून काढतात, बहुतेकांचं तेवढ्यात भागतं. खोल असेल तर जांघेतली गाठही तपासतात, कधी पायाचं बोट काढावं लागतं. रोग पसरला असेल तर केमोचा फार उपयोग होत नाही. तिथे इम्युनोथेरपी देतात, सलाईनमधून, काही आठवड्यांच्या अंतराने. हे औषध शरीराच्या पहारेकऱ्यांना जागं करतं. कधी ते आपल्याच आतड्यावर, फुप्फुसावर उलटतात. म्हणून जुलाब, धाप, पुरळ दिसलं की मेडिकलमधून गोळी आणून थांबू नका, त्याच दिवशी कॅन्सरच्या डॉक्टरांना कळवा.

पैशाचं काय? महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचं ऑपरेशन बसतं. योजनेच्या दवाखान्यात आरोग्यमित्र असतात. महागडं इंजेक्शन योजनेत बसतं का, हे सुरू करण्याआधीच त्यांना विचारा. मुंबईला टाटा हॉस्पिटलला जायचं झालं, तर डॉक्टरांनी भरलेल्या फॉर्मवर रेल्वेच्या स्लीपर डब्यात रुग्णाचं तिकीट माफ होतं.

घरी दुखणं सोसत बसू नका. डॉक्टरांच्या मापात घेतलेल्या मॉर्फिनच्या गोळीचं व्यसन सहसा लागत नाही. संडासला मात्र खडा होतो, त्याचं औषध सोबतच मागून घ्या. जांघेतल्या गाठी काढल्यावर पाय सुजतो. तो उशीवर उंच ठेवा, त्याला जखम होऊ देऊ नका. अंडी, मासे, डाळ बंद करू नका.

आणि हा रोग शिवल्याने होत नाही. ज्यांच्या आज्यांनी वरून ओतलेलं पाणी ओंजळीने प्यायलं, त्यांच्याच एका घरात आम्ही रुग्णाचा पेला वेगळा ठेवलेला पाहिला. त्याच पेल्यातून आम्ही आधी पाणी प्यायलो, मग ड्रेसिंगला बसलो.