बोट बसायला सहा महिने

सुटिंगच्या कापडातली खोट डोळ्याच्या आधी बोटाला सापडते, असे सौंसरच्या बाजारातला एक शिंपी सहज बोलून गेला. त्या वाक्याचा माग काढत गेले की गावातल्या एका ओसरीवर पोचायला होते. तिथे गिरणीतून निवृत्त झालेल्या एक मावशी शेजारच्या मुलीला मेंडिंग, म्हणजे कापडातली खोट सुईने भरून काढणे, शिकवत असतात. मांडीवर चिंधीच्या भावात आणलेला राखाडी तुकडा, अजून न धुतलेला. त्याला लोकरीचा आणि सूतकताईच्या तेलाचा ओशट वास येतो आणि तो नंतर हातालाही राहतो. मुलगी बारावी झालेली, नुकतीच शिकाऊ म्हणून लागलेली. दिवसभर शिकते ते पुरत नाही म्हणून संध्याकाळी इथे येते.

"बोट बसायले सहा महिने लागते," मावशींनी तिला आधीच सांगून टाकले आहे.

मागावरून उतरलेल्या कापडात गाठी असतात, तुटलेले धागे असतात, कुठे एखादी आडवी तारच सुटलेली असते. प्रकाश टाकलेल्या उतरत्या टेबलावर कापड तपासतात, खोटीवर खडूने खूण करतात, चिमट्याने गाठ वर काढतात. पुढचे काम सुईचे.

ट्विलच्या विणीत सुई दोन धाग्यांवरून, दोन धाग्यांखालून जाते. पुढच्या ओळीत एक धागा सरकून पुन्हा तेच. मुलीची सुई मधेच एक धागा चुकते आणि तिरक्या रेघेत दात पडल्यासारखी फट दिसते. मावशी काही बोलत नाहीत. तिचे बोट धरतात आणि फटीवरून फिरवतात. मुलगी धागा उसवते, पुन्हा भरते, आता जरा जोर लावून ओढते.

"वढू नोको, बसू दे त्याले."

धागा भरून झाला तरी टोके कापडाच्या बरोबरीने कापायची नाहीत, दोन्हीकडे थोडी शेपटी ठेवायची. पुढे कापड धुतात, वाफवतात, दाबतात. त्यात ते आकसते. ताणून भरलेला किंवा आखूड कापलेला धागा दगा देतो तो तिथे. म्हणजे आजची चूक दिसणार फिनिशिंग होऊन आल्यावर, आणि तोवर आपण नेमके काय केले होते हे हात विसरलेला असतो. म्हणून सहा महिने.

सौंसर तालुक्यात बोरगावच्या औद्योगिक वसाहतीत रेमंडचा सुटिंगचा कारखाना 1991 साली सुरू झाला, तेव्हा हा भाग छिंदवाडा जिल्ह्यात होता. 5 ऑक्टोबर 2023 रोजी पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. घरातले बोलणे मराठी, सरकारी कागद हिंदी. मुलीचे सगळे कागदही हिंदीत आहेत. सुई मात्र ती ओसरीवरच्या बोलीत शिकते आहे.

शिकाऊंसाठी 1961 चा कायदा आहे. 2019 च्या नियमबदलानंतर 30 किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घेणे बंधनकारक झाले. मध्य प्रदेश सरकारने 2023 मध्ये 'मुख्यमंत्री सीखो-कमाओ योजना' आणली. त्यात 18 ते 29 वयाच्या बारावी पास उमेदवाराला महिना 8,000 रुपये, आयटीआय झालेल्याला 8,500, पदविकेला 9,000, पदवीधराला 10,000. यातले 75 टक्के सरकार भरते. ही मुलगी याच योजनेतली. 8,000 रुपयांत घरचा किराणा निघतो, तेव्हा योजनेला उगीच नावे ठेवण्यात अर्थ नाही. पण हा सगळा हिशोब शिकणाऱ्याचा झाला. शिकवणारे कोण, हे कोणी फारसे विचारत नाही.

अमेरिकेने 1940 साली, महायुद्धाच्या तयारीत, 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' हा सरकारी कार्यक्रम काढला होता. कामगारांना काम शिकवण्याआधी मुकादमांना शिकवायला शिकवावे, हे त्याचे सूत्र. शिकणाऱ्याची तयारी करा, करून दाखवा, करून घ्या, मग लक्ष ठेवा. मावशींनी हे नाव ऐकलेले नाही, पण चारही गोष्टी त्यांच्या ओसरीवर रोज होतात. प्रोजेक्टर लावलेल्या प्रशिक्षणाच्या एका दुपारपेक्षा त्या बोट धरण्याचे मोल जास्त आहे, आणि कागदोपत्री मात्र दुपारच भरते.

नोकरीत असताना मावशींनी कितीतरी मुली अशाच शेजारी बसवून तयार केल्या. त्याचे वेगळे पैसे कधी मिळाले नाहीत. उलट नवी मुलगी शेजारी असली की स्वतःचे कापड मागे पडायचे, त्या दिवशी मीटर कमी भरायचे. त्यांची तक्रार नाही. आपल्यालाही कोणीतरी असेच शिकवले, म्हणतात.

त्यांची नसली तरी तक्रार रास्त आहे. शिकाऊंची टक्केवारी ठरवणाऱ्यांनी ते कमी भरलेले मीटरही मोजावेत. सहा महिने नव्या मुलीला शेजारी बसवणाऱ्या कामगाराला भत्ता द्यावा. तो जमत नसेल तर निदान त्या शिकवणारीचे रोजचे टार्गेट तरी तेवढे उतरवावे.