लाटेवरच्या चित्राचें मोल

सन १८७८ च्या नोव्हेंबरांत लंडनच्या न्यायालयांत व्हिस्लर हा चित्रकार साक्ष देण्यास उभा होता. रस्किन या विख्यात टीकाकारानें त्याच्या एका चित्राची जाहीर निंदा केली होती, आणि व्हिस्लरनें त्याजवर अब्रुनुकसानीचा दावा लावला होता. दोन दिवसांच्या कामाबद्दल दोनशें गिनी मागतां काय, असें प्रतिपक्षाच्या वकिलानें विचारलें. ही मागणी दोन दिवसांबद्दल नसून जन्मभर मिळविलेल्या ज्ञानाबद्दल आहे, असें उत्तर व्हिस्लरनें दिलें. दावा तो जिंकला. पण भरपाई मिळाली एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी, आणि पुढल्याच वर्षीं त्याचें दिवाळें निघालें. कलावंताच्या श्रमाचें मोल कसें ठरवावें, हा तो जुना प्रश्न आज कॅलिफोर्नियाच्या समुद्रकांठीं निराळ्या वेषांत भेटतो.

फुटत्या लाटेवर उभें राहून किनाऱ्याकडे घसरत येण्याची जी लांबट फळी, तिला सर्फबोर्ड म्हणतात. हा खेळ हवाई बेटांत फार जुना. तेथें फळी लांकडाची असे. कॅलिफोर्नियांत १९५८ च्या सुमारास हॉबी आल्टर व गॉर्डन क्लार्क यांनीं फोमचा, म्हणजे गोठलेल्या फेंसासारख्या हलक्या पदार्थाचा, गाभा प्रचारांत आणला. त्यावर कांचतंतूंचें कापड पसरून राळेचे थर देतात. हा पांढरा शुभ्र पृष्ठभाग चित्रकारांना आयताच मिळाला. कोणी लाटा, कोणी मासे, कोणी नुसते रंगांचे पट्टे त्यावर काढूं लागले, आणि गिऱ्हाइकाच्या आवडीप्रमाणें फळी रंगवून देण्याचा एक छोटा धंदा उभा राहिला.

हें काम दोन प्रकारें होतें. पहिल्यांत उघड्या फोमवर पाण्यांत कालविलेले रंग देऊन मग वर कापड व राळ चढवितात. चित्र राळेखालीं सुरक्षित राहतें. पण फोम रंग शोषून घेत असल्यामुळें चुकलेली रेघ पुसतां येत नाहीं, आणि रंगाचा थर जाड झाला तर राळ नीट धरत नाहीं. दुसऱ्यांत तयार फळीवर रंगवून पारदर्शक लेप देतात. येथें चूक सुधारतां येते, पण चित्र उघडें राहिल्यानें लवकर झिजतें. जुनी फळी असेल तर आधीं मेण खरवडून ती कांचकागदानें घांसावी लागते. शिवाय पाय घसरूं नये म्हणून फळीच्या वरच्या अंगास मेण फांसतात. त्याखालीं चित्र झांकलें जातें, म्हणून पुष्कळजण तें खालच्या अंगास काढून घेतात. गडद रंगाची फळी उन्हांत तापून तिचे थर सुटण्याचेंहि भय असतें. एवढें सगळें जाणणाऱ्या माणसाचा हात नुसत्या रंगाऱ्याचा नव्हे.

आतां किंमतीचा हिशेब. पाट्या रंगविणाऱ्याप्रमाणें चौरस फुटाचा दर लावणें सर्वांत सोपें. सहा फूट लांब व वीस इंच रुंद फळीचें एक अंग, टोंकांकडची निमुळती जागा वजा जातां, सुमारें साडेसात चौरस फूट भरतें. नऊ फूट लांब व तेवीस इंच रुंद फळीचें सुमारें तेरा. म्हणून दोहोंस एकच किंमत सांगणें चूक. परंतु एवढ्याच जागेंत एक सपाट रंग भरणें निराळें आणि मानवी मुखवटा रेखाटणें निराळें. तेव्हां क्षेत्रफळावरून अंदाज बांधावा, पण किंमत तासांवरून ठरवावी.

उदाहरणादाखल असें धरावें कीं, रंग व लेप यांस तीस डॉलर लागले आणि जागेचें भाडें, वीज व हत्यारांची झीज यांचा वांटा चाळीस डॉलर आला. गिऱ्हाइकाशीं बोलणें व कच्चें रेखाटन यांस दोन तास, फळी तयार करण्यास एक, रंगविण्यास सात व लेपास एक, असे अकरा तास झाले. ताशीं पंचवीस डॉलर धरल्यास मजुरी २७५ आणि एकूण ३४५ होतात. बिघडलेलें काम, आजारपण व मंदीचे महिने यांसाठीं शेंकडा पंधरा टक्के वाढविले, कीं आंकडा जवळजवळ चारशेंवर जातो.

गिऱ्हाईक पुष्कळदां मित्रच असतो. तो म्हणतो, "चित्र काढणें तर तुझ्या आवडीचें, दीडशें घे." भिडेपोटीं कलावंत मान डोलावतो. दीडशेंतून सत्तर खर्चाचे गेले, कीं ऐंशी उरतात. अकरा तासांनीं भागल्यास ताशीं सुमारें सव्वासात डॉलर. २०२४ सालीं कॅलिफोर्नियांत नोकरास द्यावयाचें किमान वेतनच ताशीं सोळा डॉलर होतें. म्हणजे उपाहारगृहांत भांडीं घांसणाराहि या कलावंताच्या दुपटीहून अधिक मिळवीत होता. सवलत द्यावयाचीच तर पूर्ण किंमत लिहून खालीं सूट दाखवावी. नाहींतर सवलतीचा भावच गांवभर खरा भाव म्हणून पसरतो.

यावर उपाय साधे आहेत. रेखाटन मंजूर होतांच निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी. किती वेळां फेरफार करून मिळेल, तें आधींच सांगावें. परक्याची फळी आपल्या हातीं असतां तिला इजा झाल्यास भार कोणावर, हेंहि लिहून ठेवावें. अमेरिकेच्या १९७६ च्या कायद्याप्रमाणें चित्रित वस्तु विकल्यानें चित्राच्या नकलांचा हक्क आपोआप जात नाहीं. तेंच चित्र सदऱ्यांवर छापावयाचें असेल तर त्याचा करार व मोबदला वेगळा.

शेवटीं एक गोष्ट उरते. भिंतीवर टांगलेलें चित्र पिढ्यान् पिढ्या राहील. लाटेवर गेलेली फळी एखाद्या दिवशीं दोन तुकडे होऊन परत येईल. म्हणून त्या चित्राची किंमत कमी मानावी काय? जें टिकणार नाहीं, त्याला लागलेले तास कांहीं कमी नसतात. चित्र लाटेनें नेलें तरी चित्रकाराला दुसऱ्या दिवशीं भाकरी हवीच असते, आणि ती त्याला न मिळाली तर पुढची फळी रंगवावयास कोणी उरणार नाहीं.