गोविंददेवाचा राजकवी ‘ब्रजनिधी’

लाइपझिगच्या चर्चमध्ये योहान सेबास्टियन बाख 1723 पासून जवळजवळ दर रविवारी उपासनेसाठी नवी कंटाटा (गायन-वादनाची रचना) उभी करत होता, त्याच सुमाराला, 1727 साली, सवाई जयसिंगांनी जयपूर वसवायला घेतलं. देवाच्या नित्यक्रमासाठी असं सतत रचत राहणारा माणूस जयपूरलाही लाभला, पण जयसिंगांच्या नातवाच्या रूपानं आणि थेट गादीवर. सवाई प्रतापसिंग (1764–1803) पदं रचत, तेव्हा शेवटी नाममुद्रा घालत ‘ब्रजनिधी’. हवामहल बांधणारा राजा एवढीच त्यांची ओळख आपल्याकडे आहे, याचं मला फार वाईट वाटतं.

राजकारणाचं थोडक्यात सांगतो. 1778 मध्ये पोरवयात गादी मिळाली. 1787 मध्ये तुंग्याला प्रतापसिंगांशी झालेल्या लढाईनंतर महादजी शिंद्यांना माघार घ्यावी लागली. 1790 मध्ये पाटणला मराठ्यांनी त्याचं उट्टं काढलं आणि 1800 मध्ये मालपुऱ्याला प्रतापसिंग पुन्हा हरले. पण महादजीही कृष्णभक्त आणि पदं रचणारे! रणांगणावर एकमेकांसमोर उभे ठाकलेले हे दोघे एकाच सावळ्याला आळवत होते, हे मला कुठल्याही लढाईच्या तपशिलापेक्षा मोलाचं वाटतं.

आता गोविंददेवाकडे येऊ. वृंदावनात वैष्णव संत रूप गोस्वामींनी पूजलेली कृष्णाची ही मूर्ती औरंगजेबाच्या काळात तिथून हलवली गेली आणि शेवटी जयपूरच्या राजवाड्याच्या बागेत स्थिरावली. राज्याचा धनी गोविंददेव, राजा त्याचा दिवाण, अशी इथली श्रद्धा. दिवसातून सात झांक्या, म्हणजे दर्शनं, होतात: मंगला, धूप, शृंगार, राजभोग, ग्वाल, संध्या, शयन. मंगलेच्या वेळी तिथं उभं राहून पाहावं. पडदा सरकतो आणि भाजीवाल्या बायांपासून बँकेतल्या बाबूंपर्यंत सगळ्यांच्या तोंडून एकदम जयघोष उठतो. प्रतापसिंगांची पदं वाचायची तर हे दर्शन आधी घडायला हवं. वसंत, होळी, झुला, रास हे त्यांचे विषय म्हणजे देवळाचं वर्षभराचं पंचांगच आहे. ‘फाग रंग’ आणि ‘मुरली विहार’ ही त्यांच्या रचनांची नावंही तेच सांगतात. भर्तृहरीची तिन्ही शतकंही त्यांनी ब्रजभाषेत उतरवली. सगळ्यांत गोडी मला त्यांच्या रेख्त्यांची. कृष्णभक्ती उर्दूच्या वळणानं बोलू लागते, आणि कुठेही परकी वाटत नाही.

दरबारातला गायक-वादकांचा विभाग म्हणजे गुणीजनखाना. प्रतापसिंगांच्या काळात तो ऐन भरात होता. संगीतातले जाणकार एकत्र बसवून त्यांनी ‘राधागोविंद संगीतसार’ हा ब्रजभाषेतला ग्रंथ सिद्ध करवला. ‘संगीतरत्नाकरा’सारखेच सात अध्याय: स्वर, राग, ताल, वाद्य, नृत्य असं सगळं. बिलावल हा शुद्ध स्वरांचा मेळ ठरला, त्याचं श्रेय या मंडळींना देणारे पुष्कळ आहेत. माझ्या मते एवढा मोठा बदल एका बैठकीत होत नाही. गवयांच्या गळ्यात तो आधीच रुळला असणार.

हा ग्रंथ छापला कुणी? पुण्याच्या गायन समाजानं, 1910 ते 1912 या काळात! गाण्यात जयपूर घराणं म्हटलं की आपल्याला अल्लादियाखाँसाहेब आणि कोल्हापूर आठवतं, ते योग्यच आहे. पण त्यासोबत हा पुण्याचा धागाही आठवावा. महादजींची छत्री ज्या पुण्यात वानवडीला आहे, त्याच पुण्यानं त्यांच्या प्रतिस्पर्ध्याचा ग्रंथ मायेनं जपला.

पुरोहित हरिनारायण शर्मांनी संपादिलेल्या ‘ब्रजनिधी ग्रंथावली’त प्रतापसिंगांची पदं एकत्र मिळतात. पदांवर रागांची नावं आहेत, स्वरलेखन नाही. बाखचे स्वर कागदावर राहिले. इथं शब्द आणि राग उरले, चाल गेली. एखाद्या धृपदियानं किंवा हवेली संगीताच्या जाणकारानं ही पदं त्याच रागांत नव्यानं बसवावीत आणि पहिली मैफल पुण्यात करावी, असं मला मनापासून वाटतं. होळीच्या पदांपासून सुरुवात करता येईल, ती धमारात सहज बसतील.