येलदरीहून लंडन : हवाई अंतर व उड्डाणकाल

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरीचे धरण आहे. तेथून मुंबईचा विमानतळ सरळ अंतराने सुमारे ४१० किलोमीटर पश्चिमेस, किंचित दक्षिणेकडे आहे. लंडनला निघालेला प्रवासी मुंबईस पोहोचला की तो तितकाच लंडनच्या जवळ गेला, असा समज होणे साहजिक आहे. गणित मात्र निराळे सांगते. येलदरीपासून लंडनचा हीथ्रो विमानतळ सुमारे ७,४२५ किलोमीटर, तर मुंबईपासून ७,२१० किलोमीटर दूर आहे. म्हणजे ४१० किलोमीटर जाऊन अंतर कमी झाले ते अवघे २१५ किलोमीटर.

याचे कारण दिशेत आहे. गोलावरील दोन बिंदूंमधील सर्वांत जवळचा मार्ग बृहद्‌वृत्ताच्या कंसावरून जातो. मुंबई व हीथ्रो यांच्या रेखांशांत ७३°१९′ इतके अंतर आहे. ते आणि दोन्ही स्थळांचे अक्षांश गोलीय त्रिकोणमितीच्या कोज्या-सूत्रात घातले असता पृथ्वीच्या केंद्राशी होणारा कोन जवळजवळ ६४.९° येतो, त्यास १११.२ ने गुणिले की किलोमीटर मिळतात. मुंबईहून निघताना या मार्गाची दिशा उत्तरेपासून पश्चिमेस केवळ ४१° असते. मर्केटरच्या नकाशावर पट्टी ठेवून रेषा काढली, तर हाच कोन ६१° भरतो आणि त्या दिशेने गेल्यास सुमारे २०० किलोमीटर अधिक कापावे लागतात. शाळेच्या भिंतीवरील नकाशाने केलेला हा संस्कार सहजी पुसला जात नाही.

प्रत्यक्ष विमाने तरी या कंसावरून कोठे जातात? ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान कैरो व जिनीव्हा या मार्गाने लंडनला निघाले. या तीन टप्प्यांची बेरीज सुमारे ७,९०० किलोमीटर होते. तो वळसा इंधनासाठी व उतारूंसाठी होता. पुढे लांब पल्ल्याच्या जेट विमानांनी थांबे अनावश्यक केले, पण राज्यांच्या सीमा राहिल्याच. २०१९ साली २७ फेब्रुवारीपासून १६ जुलैपर्यंत पाकिस्तानची हवाई हद्द बहुतांशी बंद असताना युरोपकडील विमानांना दक्षिणेकडून वळसा घ्यावा लागला. भूमिती बदलली नव्हती. काल मात्र वाढला.

कालाचा दुसरा नियंता वारा. मध्य अक्षांशांत उंचावर पश्चिमेकडून वारे वाहतात व हिवाळ्यात ते विशेष प्रबळ होतात. विमानाचा हवेतील वेग ताशी ९०० किलोमीटर धरला, तर शांत हवेत मुंबई–लंडन अंतरास ८ तास १ मिनिट लागेल. सरासरी ६० किलोमीटरचा वारा समोरून असल्यास ८ तास ३५ मिनिटे. तोच पाठीशी असल्यास ७ तास ३१ मिनिटे. जाताना ३४ मिनिटांचा तोटा आणि येताना ३० मिनिटांचा नफा, ही वजाबाकी कधीच शून्य होत नाही, कारण विमान प्रतिकूल वाऱ्यात अधिक काळ राहते. चढणे, उतरणे व धावपट्टीसाठी ताटकळणे यांचा काल निराळा.

आता येलदरीकडे पाहिले असता, दिल्लीमार्गे एकूण हवाई अंतर सुमारे ७,७१५ व मुंबईमार्गे ७,६२० किलोमीटर येते. फरक शंभराच्या आत. दिल्लीहून उड्डाण अर्ध्या तासाने आखूडच. परंतु परभणीहून आगगाडीने मुंबई एका रात्रीची आणि दिल्ली साधारण एका अहोरात्राची. शिवाय येलदरीहून परभणीपर्यंतचा रस्ता दोन्हीकडे समानच पडतो.