तळी बुजली, नोंदी उरल्या

रायपूरच्या राजबंधा मैदानात आज उभे राहिले तर पाण्याचा मागमूसही लागत नाही. आजूबाजूला वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या आणि वाहनांची वर्दळ. तलाव बुजला, त्याचे नाव तेवढे मैदानाला चिकटून राहिले.

छत्तीसगडी बोलीत तळ्याला 'तरिया' म्हणतात, आणि जुने रायपूर हे अशा तरियांचेच गाव होते. कोणते तळे कुणी बांधले, याचा बराचसा हिशेब जुन्या गॅझेटिअरांत सापडतो. गॅझेटिअर म्हणजे गावोगावची लोकवस्ती, पिके, देवळे आणि बाजारहाट यांची सरकारी बखरच! १८५४ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा झाले आणि नव्या सत्तेला सारा ठरवण्यासाठी मुलखाची माहिती हवी झाली. त्यातूनच चार्ल्स ग्रँट यांनी संपादित केलेले मध्य प्रांताचे गॅझेटिअर १८७० मध्ये निघाले. रायपूर जिल्ह्याचे स्वतंत्र गॅझेटिअर नेल्सन यांनी १९०९ मध्ये तयार केले.

या नोंदी वाचताना जुने शहर डोळ्यांपुढे उभे राहते. आंबा तलाव एका तेली व्यापाऱ्याने बांधला. पुढे शोभाराम महाजन या व्यापाऱ्याने पदरचा पैसा घालून तो दुरुस्त केला. कंकाली तलाव महंत कृपाल गीर यांचा. महाराजबंध हा मराठी अमदानीतल्या एका मक्तेदाराचा, म्हणजे सारा वसूल करणाऱ्याचा! त्याच्याजवळच बिंबाजी भोसल्यांनी १७७५ मध्ये राममंदिर उभारल्याची नोंद आहे. रयतेकडून घेतलेल्या पैशातला काही भाग असा पाण्याच्या रूपाने परत आला म्हणायचा. माती उपसणाऱ्या हातांची नावे मात्र यात शोधू नयेत. ती लिहिण्याची गरज ना मराठ्यांना वाटली, ना इंग्रजांना.

बूढा तलाव एके काळी जवळजवळ एक चौरस मैल पसरलेला होता. तो आटोपशीर करून काठाला बाग केल्याचे गॅझेटिअरकार कौतुकाने सांगतात. तळी आक्रसण्याची सुरुवात अशी 'सुधारणे'च्या नावाने झाली.

अशा कोरड्या नोंदींचे मोल आयर्लंडला फार कठीण प्रसंगातून कळले. सॅम्युअल लुईस यांनी १८३७ मध्ये तिथल्या पॅरिशांचा, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या गावांचा, वर्णनकोश छापला. आठच वर्षांनी बटाट्याचे पीक कुजले, दुष्काळ पडला आणि गावेच्या गावे ओस पडली. १९२२ च्या यादवी युद्धात डब्लिनचे दफ्तरखाने जळाले. जुन्या जनगणनेची बहुतेक कागदपत्रे राख झाली. परदेशी गेलेल्यांची नातवंडे-पतवंडे आज पणजोबांचे गाव कसे होते, हे लुईसच्या पानांत शोधतात.

आपल्याकडे दफ्तर शाबूत आहे, तळी जात आहेत. तळ्याची जमीन घरांसाठी वाटता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये हिंचलाल तिवारी खटल्यात दिला. पण इथे तळे होते, हे आधी दाखवावे लागते. महसुली दफ्तर आणि नकाशे हा त्याचा मुख्य पुरावा. गॅझेटिअर त्यांची जागा घेऊ शकत नाही, पण कुठे शोधायचे, हे सांगते.

तेलीबांधा आज 'मरीन ड्राइव्ह' म्हणून ओळखला जातो. संध्याकाळी तिथे फिरायला गर्दी असते. कंकाली तलावही भरवस्तीत टिकून आहे. मधोमध महादेवाचे लहान देऊळ असल्याचे गॅझेटिअर सांगते. ते देऊळ अजून तिथेच आहे, बहुतेक काळ पाण्याखाली.