काऊ-चिऊच्या कहाणीचें अर्थांतर

१. कावळ्यानें शेणाचें घर केलें व चिमणीनें मेणाचें. पाऊस आला, शेणाचें घर वाहून गेलें आणि भिजलेला कावळा चिमणीच्या दाराशीं येऊन उभा राहिला. ही कहाणी ठाऊक नाहीं असें मराठी घर विरळा. पोरांची गोष्ट म्हणून संशोधक तिच्याकडे बहुधा वळत नाहींत. परंतु मराठी गद्याच्या आद्य ग्रंथांत जिचा दाखला मिळतो आणि जी आजहि तोंडोतोंडीं चालू आहे, अशा कहाण्या थोड्याच आहेत. सातशें वर्षांत तिचे शब्द थोडे बदलले. अर्थ मात्र अनेक वेळां बदलला. तो कसा बदलला व त्यावरून पाठसंग्राहकांनीं काय घ्यावें, याचा विचार नांदेड व लातूर या भागांकडे विशेष लक्ष ठेवून येथें करूं.

२. या कामीं लागणारी परिभाषा महानुभावांनीं पूर्वींच करून ठेविली आहे. केसोबासांनीं सिद्ध केलेल्या दृष्टांतपाठांत ११४ दृष्टांत आहेत आणि त्यांची मांडणी सूत्र, दृष्टांत व दार्ष्टांतिक अशा तीन अंगांनीं केलेली आहे. दृष्टांत म्हणजे गोष्ट. दार्ष्टांतिक म्हणजे ती गोष्ट ज्यावर लागू करावयाची तें. गोष्ट व तिचा अर्थ या दोन भिन्न वस्तू आहेत, हें यांत गृहीतच आहे. काऊ-चिऊच्या कहाणींत दृष्टांत बहुतांशीं स्थिर राहिला, दार्ष्टांतिक मात्र काळानुसार पालटत गेलें.

३. पावसांत कुडकुडणारा बेघर प्राणी व घरांत सुखरूप असलेलें पांखरूं, हा प्रसंग संस्कृत नीतिकथांतहि आहे. हितोपदेशांत नर्मदातीरींच्या शाल्मलीवृक्षावर पक्षी घरटीं करून राहतात. भिजलेलीं वानरें पाहून ते त्यांस, हातपाय असून घर कां बांधीत नाहीं, असें विचारतात. रागावलेलीं वानरें पाऊस थांबतांच घरटीं मोडून टाकतात. येथें नाश होतो तो घर बांधणाराचा, आणि बोध असा कीं मूर्खास उपदेश करूं नये. ही राजसभेची नीति होय. आळसाची निंदा हा तिचा मुख्य विषय नव्हे. कोणापाशीं काय बोलावें हा आहे.

४. मराठींत ही कहाणी लीळाचरित्रांत श्रीचक्रधरांच्या तोंडीं येते. म्हाइंभटांनीं तो ग्रंथ शके १२०० च्या सुमारास (इ. स. १२७८) सिद्ध केला. तेथें चिमणी नाहीं, साळई आहे; मात्र शेणाचें व मेणाचें घर आणि पाऊस हीं तेव्हांपासूनचीं आहेत. कहाणी सांगणारे स्वतः अनिकेत होते. घरदार व गांवाचा मोह सोडून फिरत राहावें, अशी शिकवण देणाऱ्या पुरुषानें घराची कहाणी सांगावी, हें लक्षांत घेण्याजोगें आहे. ज्यांनीं ती लिहून ठेविली त्यांस घर शेणाचें कीं मेणाचें याचें महत्त्व नव्हतें. ती गोसाव्यांच्या मुखांतून निघाली एवढें पुरेसें होतें. म्हणजे येथें कहाणीचें मोल सांगणारावरून ठरलें. दत्तात्रेयांमुळें नांदेड जिल्ह्यांतील माहूर हें या पंथाचें पूज्य स्थान. सकळ लिपीचा पडदा विसाव्या शतकाच्या आरंभीं दूर झाला, ह. ना. नेने यांनीं १९३६ पासून ग्रंथ भागशः छापिला, आणि डॉ. वि. भि. कोलते यांची संपादित आवृत्ति १९७८ मध्यें निघाली. पोथींतील ही कहाणी सर्वांस वाचावयास मिळाली ती अशी.

५. पोथीबाहेर कहाणी बायकांच्या ओठीं राहिली. निजामी राजवटींत कारभाराचें व वरच्या शिक्षणाचें माध्यम मुख्यतः उर्दू होतें. तेव्हां मराठवाड्यांतील पुष्कळ मुलांची मराठीची पहिली शाळा म्हणजे आजीची मांडी होती. या सांगण्यांत साळईची चिऊताई झाली आणि कहाणीचा सर्व जीव दाराशीं येऊन बसला. कावळा दार उघड म्हणतो. चिऊताई बाळाला न्हाऊ घालते, अंग पुसते, तीट लावते, निजविते, आणि कावळा बाहेरच. सांगणारी बाई स्वतः त्याच कामांत गुंतलेली असते, म्हणून येथील अर्थ लेकुरवाळीच्या दिवसाचा आहे. लेकरूं आधीं, पाहुणा मागाहून. शेवट मात्र एकसारखा नाहीं. कोठें कावळ्यास चुलीपाशीं ऊब मिळते, कोठें तो तापल्या तव्यावर बसून भाजतो. अनोळखी पुरुषास रात्रीं घरांत घ्यावें कीं नाहीं, या प्रश्नाचीं तीं दोन उत्तरें आहेत.

६. छापखाना आल्यावर कहाणीस 'तात्पर्य' चिकटलें. १८२८ च्या सुमारास सदाशिव काशीनाथ छत्रे यांची इसापनीति मराठींत आली आणि गोष्टीखालीं बोध लिहिण्याची चाल रूढ झाली. मग चिमणी उद्योगी, कावळा आळशी, असा निवाडा ठरला. आज तोच निवाडा उलटा विचारला जातो: भिजणाऱ्यास दाराबाहेर ठेवणारी चिमणी चांगली कशी? असें अन्यत्रहि घडलें आहे. फ्रान्सांत पेरोनें १६९७ मध्यें छापलेल्या लाल टोपडें घालणाऱ्या मुलीच्या गोष्टींत लांडगा मुलीस खातो व गोष्ट तेथेंच संपते. जर्मनींत ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या संग्रहांत शिकारी येऊन तिला सोडवितो. पहिलीचा बोध तरुणींनीं गोडबोल्या पुरुषांपासून जपावें हा. दुसरी आईबापांचें ऐकणाऱ्या लेकरांसाठीं झाली.

७. लातूर भागांत या कहाणीचा आणखी एक अर्थ विचारांत घ्यावा लागतो. येथील जुनें घर म्हणजे मातींत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती व वर मातीचें माळवद. पावसाळ्यापूर्वीं गळती थांबविण्यासाठीं माळवदावर माती घालीत. वर्षानुवर्षें थर वाढे आणि छत जड होई. पावसाला दाद न देणारें घर तेंच चांगलें घर, ही कहाणीचीच दृष्टि होय. दि. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, गणेशविसर्जनाच्या रात्रीं, पहाटे चारच्या सुमारास औसा तालुक्यांतील किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला. लातूर व तेव्हांचा उस्मानाबाद या जिल्ह्यांत मिळून सुमारें आठ ते दहा हजार माणसें गेलीं. ज्या मातीनें पाऊस अडविला तीच अंगावर आली. कुडाच्या, छपराच्या हलक्या झोंपड्यांनीं त्या मानानें माणसें वांचविलीं; जेथें लांकडी खणांनीं छत तोललें होतें, तेथें भिंती ढासळूनहि छत पुष्कळदां उभें राहिलें. पुढें ५२ गांवें नव्या जागीं वसविण्यांत आलीं. हितोपदेशांत घरटें वानरांनीं मोडलें. येथें भक्कम घरच वैरी झालें. अशा गांवीं जन्मलेल्या मुलास शेणाचें घर पडलें व मेणाचें राहिलें असें सांगतांना शब्द तेच राहतील, परंतु त्याची आजी 'घर' हा शब्द १९९३ पूर्वींच्या अर्थानें उच्चारूं शकत नाहीं.

८. यावरून संग्राहकांनीं घ्यावयाचें तें असें. पोथीच्या पाठचिकित्सेंत मूळ पाठ शोधून उरलेले भ्रष्ट ठरविण्याची आपली संवय आहे. लीळाचरित्रासारख्या, मूळ प्रत गमावल्यावर स्मरणानें पुन्हां सिद्ध झालेल्या ग्रंथासहि ती जपूनच लावावी लागते. मौखिक कहाणीस तर ती लावूंच नये. साळईची चिमणी झाली हा अपपाठ नव्हे, ती एका समाजाची साक्ष आहे. ताम्रपटावर तिथि नसेल तर आपण हळहळतों. कहाणी मात्र सांगणारी कोण, गांव कोणतें, साल कोणतें हें न विचारतां लिहून घेतों. म्हणून माहूर, कंधार, औसा, निलंगा या बाजूंस फिरणाऱ्या संग्राहकांस आमची विनंति कीं, काऊ-चिऊचा पाठ उतरून घेतांना सांगणारीचें वय, तिनें ती कोणाकडून ऐकिली, ती कोणत्या तऱ्हेच्या घरांत राहिली, आणि कावळ्यास दार उघडलें कीं नाहीं, इतकें तरी टिपून ठेवावें. भूकंपापूर्वीं जुन्या माळवदाखालीं बसून ही कहाणी सांगितलेल्या बायका आज वृद्ध झाल्या आहेत. पोथ्यांस कसर लागते म्हणून आपण त्वरा करितों. येथें त्वरेचें कारण त्याहून मोठें आहे.